जादूच्या पत्त्यामागचा पुठ्ठा : घरगुती गॅफ पत्त्यांची पार्श्वभूमी

पत्त्यांची जादू दोन वाटांनी होते. एका वाटेवर कॅट साधा असतो आणि सगळा भार जादूगाराच्या बोटांवर पडतो. दुसऱ्या वाटेवर बरेचसे काम प्रेक्षक येण्याच्या आधीच, कात्री, खळ आणि वजनाखाली दाबून ठेवलेला कागद यांच्या साहाय्याने उरकलेले असते. दोन्ही बाजूंनी चित्र असलेला पत्ता, इतरांपेक्षा केसभर आखूड कापलेला पत्ता, एका टोकाला किंचित निमुळता केलेला पत्ता, पाठीला खरखरीत लेप दिलेला पत्ता, अशा सगळ्या पत्त्यांना जादूगार मंडळी 'गॅफ' म्हणतात. आज असे पत्ते छापील मिळत असले, तरी त्यांपैकी बहुतेकांचा जन्म कोणा ना कोणाच्या घरातल्या टेबलावर झालेला आहे. त्यांचा इतिहास सहसा थोर जादूगारांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु घरी काय बनवता येईल आणि काय नाही, हे प्रत्येक काळात साधा पत्ता कसा तयार होतो यावर अवलंबून राहिले, आणि त्याच अंगाने हा इतिहास वाचणे मला अधिक उद्बोधक वाटते.

युरोपातला जुना पत्ता म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या कागदांचा पुठ्ठा होता. एकच जाड कागद वापरला, तर तो उजेडात आरपार दिसतो आणि लवकर दुमडतो. म्हणून पत्ते करणारे कारागीर खळीने कागदाचे थर जोडत, दाबत, वाळवत आणि मग घोटून गुळगुळीत करत. आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफाही याच तत्त्वावर उभा आहे. तिथे थर चिंचोक्याच्या खळीने जोडले जातात आणि वर लाखेचा लेप बसतो. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात असे १२० गोल पत्ते असतात. (गोल पत्त्याला लांबी-रुंदीच नसल्यामुळे पुढे ज्या आखूड आणि निमुळत्या कापाबद्दल लिहिले आहे, तो त्याच्यावर निरुपयोगी ठरला असता.) जे थरांनी जोडलेले आहे ते थरांनी सुटतेही, आणि गॅफ पत्त्यांचा अर्ध्याहून अधिक इतिहास या साध्या गोष्टीत सामावलेला आहे. पत्त्याची पाठ सोलून काढायची, दोन पत्त्यांच्या चित्रांच्या बाजू पाठीला पाठ लावून चिकटवायच्या, की दुतोंडी पत्ता तयार होतो. आजचे चांगले कागदी पत्तेही दोन कागदांमध्ये काळसर रंगाचा चिकट थर घालूनच बनतात, त्यामुळे ही युक्ती अजून चालते. पूर्ण प्लास्टिकच्या पत्त्यावर ती चालत नाही.

कापाची युक्ती मात्र पत्त्यांच्या आधी पुस्तकात दिसते. सोळाव्या शतकाच्या मध्यास इटलीतील गणिती व वैद्य जेरोलामो कार्दानो याने आणि १५८४ मध्ये इंग्लंडच्या रेजिनल्ड स्कॉट याने एका करामती वहीची नोंद केली आहे. ती एकदा चाळली की सगळ्या पानांवर फुले दिसत, पुन्हा चाळली की प्राणी, आणि तिसऱ्यांदा सगळी पाने कोरी. यामागे पानांच्या कडांना दिलेल्या लहान खाचा असत. अंगठा जिथे ठेवावा, तेवढीच ठरावीक पाने त्याच्या पकडीतून सुटत. स्कॉटचा हेतू जादू शिकवण्याचा नव्हता. चेटकीण म्हणून माणसांना छळले जात असताना, लोक ज्याला चेटूक समजतात त्यातले बरेचसे हातचलाखीने कसे होते हे त्याला दाखवायचे होते, आणि त्या निमित्ताने इंग्रजीतील हातचलाखीचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन त्याच्या हातून लिहिले गेले. कडेला खाच देऊन अंगठ्याला फसवण्याचे हेच तत्त्व सुमारे सव्वातीनशे वर्षांनी पत्त्यांच्या बाजारात प्रचंड यश मिळवणार होते.

मधल्या काळात पत्ते कापण्याची कला जादूगारांपेक्षा जुगारी ठकांनी अधिक जोपासली. सगळा कॅट एका टोकाला किंचित अरुंद कापला आणि त्यातला एक पत्ता उलटा फिरवून घातला, तर त्याची रुंद बाजू दोन्हीकडून केसभर बाहेर राहते आणि बोटांच्या चिमटीने तो कितीही पिसल्यानंतर ओढून काढता येतो. फ्रान्समध्ये अशा निमुळत्या पत्त्यांवर जादूगार रोबेर-उदँ याने १८६१ मध्ये जुगाऱ्यांच्या लबाड्या उघड करणाऱ्या पुस्तकात लिहिले, आणि पुढे मंचावरील जादू शिकवतानाही त्यांना स्थान दिले. पत्ता घरी बनवणे हा प्रकार त्या काळी सरकारलाही संशयास्पद वाटे, पण त्याचे कारण वेगळे होते. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर छापली जाई. हा एक्का बनावट छापल्याबद्दल रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ मध्ये फाशी देण्यात आली. इंग्लिश इस्पिकचा एक्का आजही इतका नक्षीदार असतो, त्याचे मूळ त्या करात आहे.

अठराव्या शतकातील जादूगाराला दोन सोयी होत्या, ज्या नंतर गेल्या. पहिली म्हणजे पत्त्यांची पाठ बहुधा कोरी, पांढरी असे, त्यामुळे घरी बनवलेला पत्ता कोणत्याही कॅटात मिसळून जाई. दुसरी म्हणजे पत्त्याच्या कोपऱ्यात अंक व चिन्ह नसे. मधल्या चिन्हांची संख्या हीच पत्त्याची ओळख असल्यामुळे, एक सुटे चिन्ह हलक्या चिकटीने लावले की चव्वीची पंजी होई आणि बोटाने सरकवून काढले की पुन्हा चव्वी. रोबेर-उदँच्या आधीच्या पिढ्यांत युरोपभर फिरणाऱ्या जुझेप्पे पिनेत्ती याच्यासारख्या मंडळींनी राजदरबारांपर्यंत मजल मारली, आणि त्याच्या करामती १७८४ मध्ये फ्रेंच लेखक आंरी देक्रां याने छापून उघड केल्या. रहस्ये छापण्यावरून जादूगारांमध्ये आज होणारे वाद नवे नाहीत, एवढे यावरून दिसते.

घरगुती गॅफ पत्त्यांना कलेचा दर्जा मिळाला तो व्हिएन्नात. योहान नेपोमुक हॉफ्झिन्सर (१८०६–१८७५) हा ऑस्ट्रियाच्या अर्थखात्यातला सरकारी नोकर होता. पोटापाण्यासाठी जत्रेत उभे राहण्याची त्याला गरज नव्हती, आणि सरकारी पदामुळे तसे करणे शोभलेही नसते. त्याने आपल्या दिवाणखान्यात निवडक सुशिक्षित पाहुण्यांसमोर प्रयोग केले, त्यांना काव्यमय संवादांची जोड दिली आणि पत्त्यांच्या जादूला जवळजवळ नाट्यरूप दिले. प्रेक्षक हातभर अंतरावर बसलेले, त्यात शहाणे आणि चिकित्सक. अशा ठिकाणी मंचावरची यंत्रे निरुपयोगी ठरतात. त्यामुळे त्याने यंत्रच पत्त्याच्या जाडीत बसवले. अर्ध्यात एक पत्ता आणि अर्ध्यात दुसरा असे चित्र जुळवलेले पत्ते, पाठीला पाठ लावलेले दुतोंडी पत्ते, बिजागरीसारखी उलटणारी झडप असलेले पत्ते असे कितीतरी प्रकार त्याने वापरले. या कामाला लागणारी चिकाटी समजण्यासाठी एकदा पत्ता सोलून पाहावा. कोपऱ्यातून सुरुवात करून थर सावकाश वेगळा करावा लागतो, घाई केली की तो फाटतो. पाणीदार चिकटीने जोडला तर कागद फुगतो आणि वाळताना पत्त्याला बाक येतो. दोन्ही थरांतील कागदाच्या धाग्यांची दिशा एकच नसेल, तर तो बाक कितीही वजन ठेवले तरी जात नाही. शिवाय प्रत्येक पत्ता बाकीच्या कॅटाइतकाच जाड राहिला पाहिजे, नाहीतर तो बोटांना लगेच कळतो.

हॉफ्झिन्सरने आपले काम छापले नाही. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने त्याची हस्तलिखिते जाळली असे सांगितले जाते. शिष्यांकडे, पत्रांत आणि उरलेल्या पत्त्यांत जे शिल्लक होते ते गोळा करून ओटोकार फिशर याने १९१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, म्हणजे हॉफ्झिन्सर गेल्यानंतर पस्तीस वर्षांनी. तोपर्यंत लंडनमध्ये १८७६ साली 'प्रोफेसर हॉफमन' या नावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुइस या वकिलाच्या पुस्तकाने इंग्रजी वाचणाऱ्या हौशी जादूगारांची एक पिढी घडवली होती. त्यातही पत्ते तयार करण्याच्या कृती होत्या. गॅफ पत्ते घरी बनवण्याचे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जाण्याऐवजी पुस्तकातून अनोळखी माणसाकडे जाऊ लागले, ते या सुमारास.

याच शतकात साधा पत्ता बदलला. लंडनच्या थॉमस डी ला रू याने १८३० च्या दशकाच्या प्रारंभी पत्ते रंगीत यांत्रिक छपाईने काढायला सुरुवात केली आणि पुढे नक्षीदार पाठीचे पत्ते रूढ झाले. राजा, राणी, गुलाम ही चित्रे दोन्हीकडून सारखी दिसू लागली, कोपरे गोलावले, आणि शतकाच्या उत्तरार्धात कोपऱ्यांत अंक व चिन्ह आले. खेळणाऱ्यांची सोय झाली. पण घरी गॅफ बनवणाऱ्याचे काम कठीण झाले. सुटे चिन्ह सरकवून पत्ता बदलण्याची जुनी युक्ती कोपऱ्यातल्या अंकाने जवळजवळ संपवली. नक्षीदार पाठीमुळे गॅफ पत्ता आणि कॅट एकाच छापाचे असणे अनिवार्य झाले. अमेरिकेत १८८५ मध्ये सिनसिनाटीच्या कारखान्यातून 'बायसिकल' पत्ते निघाले, ते स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे होते. एकाच पाठीचे पत्ते दशकानुदशके छापले जात राहिल्यामुळे जादूगारांनी तोच छाप आपला प्रमाण म्हणून धरला, आणि ती निष्ठा आजही टिकून आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम व्यापारात गेले. फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीत नोकरी करणाऱ्या थिओडोर डीलँड याने छापील गॅफ पत्त्यांचे अनेक प्रकार काढले आणि ते खिशात मावणाऱ्या स्वस्त करामती म्हणून विकले गेले. १९०९ च्या सुमारास न्यूयॉर्ककडच्या बर्लिंग हल याने 'स्वेंगाली' कॅट आणला व त्याचे श्रेय आयुष्यभर स्वतःकडे घेतले. यात २६ वेगवेगळे पत्ते असतात आणि त्यांच्यात एकाआड एक २६ एकसारखे, पण किंचित आखूड पत्ते बसवलेले असतात. एका पद्धतीने कॅट चाळला की सगळे पत्ते वेगळे दिसतात, आणि प्रेक्षकाने कुठेही बोट घातले तरी तोच एक पत्ता निघतो. ही स्कॉटच्या काळची वहीच होय.

स्वेंगाली घरी का बनत नाही, याचा हिशेब रंजक आहे. एकाच प्रकारचे २६ पत्ते हवेत, म्हणजे २६ कॅट फोडावे लागतात. एका हौशी माणसाला हा खर्च वेडेपणाचा. पण दुकानदाराला नाही. २६ कॅटांतून २६ प्रकारचे पत्ते प्रत्येकी २६ नग निघाले की २६ स्वेंगालींचे आखूड पत्ते झाले, आणि उरलेल्या २६ प्रकारांतून प्रत्येक स्वेंगालीला २६ वेगवेगळे पत्ते मिळाले. एकही पत्ता वाया जात नाही. हा माल घरातून कारखान्याकडे गेला याचे कारण या आकड्यांत आहे. पुढे १९६० चे दशक संपताना मार्शल ब्रोडिन याने शिकागोतून दूरचित्रवाणीवर जाहिरात करून हाच कॅट अमेरिकेच्या घराघरांत विकला.

त्याच्या उलट उदाहरण १९३६ चे आहे. शिकागोचा जादूगार व विक्रेता जो बर्ग याची 'अल्ट्रा मेंटल' ही कल्पना त्या वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे ती 'इनव्हिजिबल डेक', म्हणजे अदृश्य कॅट, म्हणून गाजली. प्रेक्षक मनात एक पत्ता धरतो, जादूगार कॅट उघडतो, आणि नेमका तोच पत्ता उलटा निघतो. यामागे खरखरीत लेपाचे तत्त्व आहे, आणि ते ओहायोतील क्रुक्सव्हिलच्या राल्फ हल यासारख्यांनी त्या सुमारास पत्त्यांत कसोशीने वापरले होते. दोन पत्त्यांच्या समोरासमोर येणाऱ्या बाजूंना मॅट वार्निशसारखा पातळ लेप दिला, तर ते हलक्या दाबाने एकमेकांना धरून राहतात आणि पंख्यासारखे पसरले तरी जोडीतला एकच दिसतो; दाब किंचित तिरपा केला की जोडी सुटते. बर्गच्या कॅटात ५२ पत्त्यांच्या २६ जोड्या पाठीला पाठ लावून असतात, आणि राजांच्या सोडून प्रत्येक जोडीची बेरीज तेरा येते: एक्का व राणी, दुर्री व गुलाम, तिर्री व दश्शी, आणि राजाला राजा. इस्पिकला बदाम, किलवरला चौकट. यासाठी एकच साधा कॅट लागतो. कापायचे नाही, सोलायचे नाही, छापायचे काही नाही. घरगुती गॅफ म्हणून याच्याइतकी चोख रचना दुसरी नसावी असे माझे मत आहे. १९३८ मध्ये डाय व्हर्नन याच्या 'ब्रेनवेव्ह' कॅटाने त्यात आणखी भर घातली: निवडलेला पत्ता उलटा तर निघतोच, शिवाय त्याच्या पाठीचा रंगही वेगळा असतो. म्हणून त्यासाठी लाल आणि निळ्या पाठीचे दोन कॅट घ्यावे लागतात, पण त्या दोन कॅटांतून दोन ब्रेनवेव्ह निघतात.

१९६० नंतर इंग्लंडच्या पीटर केन याचा 'वाइल्ड कार्ड' हा मोजक्या पत्त्यांचा प्रयोग लोकप्रिय झाला आणि दुतोंडी पत्त्यांना पुन्हा दिवस आले. सहा-आठ पत्त्यांच्या पाकिटातून मोठा परिणाम साधण्याची ही पद्धत इतकी रुळली, की सिनसिनाटीला लागून असलेल्या नॉरवूडमधील हेन्स या व्यवसायाने असे पत्ते हाताने जोडून जगभर पाठवले. योगायोगाने बायसिकल पत्त्यांचा कारखानाही २००९ पर्यंत याच गावात होता. नंतर तो केंटकीतील अर्लँगर येथे हलला. दुतोंडी, दुपाठी, कोऱ्या चेहऱ्याचे पत्ते आता कारखानाच छापून देतो, त्यामुळे सोलण्या-चिकटवण्याचे काम बरेच कमी झाले आहे. भारतात मात्र आयात केलेला कॅट महाग पडतो, आणि बाजारातल्या स्वस्त प्लास्टिक पत्त्यांचे थर सुटत नाहीत, म्हणून इथल्या हौशी माणसाने मॅट वार्निश आणि कापणीवर भागणाऱ्या युक्त्यांपासून सुरुवात करणे सोयीचे. कापणी करताना कात्रीपेक्षा धातूची पट्टी आणि धारदार पाते वापरावे, काप अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, आणि आखूड केलेल्या पत्त्याचे कोपरे पुन्हा गोलावून घ्यावेत. टोकदार राहिलेला कोपरा बोटाच्या आधी प्रेक्षकाच्या नजरेला सापडतो.