फिल्मी लाइट, यूव्ही आणि मधली ती काच

एचएमआय, म्हणजे शूटिंगचा दिवसासारखा उजेड पाडणारा मोठा दिवा, चालू असताना पुढचं लेन्सचं दार उघडलं की लाइट झटकन बंद पडतो आणि नवीन पोरांना वाटतं काहीतरी उडालं. उडालेलं काही नसतं, दारात एक छोटा स्विच असतो, काच जागेवर नसेल तर तो दिवा पेटूच देत नाही. हा स्विच तिथे का आला याची गोष्ट शंभर वर्षांहून मागे जाते, आणि वैताग याचा येतो की उपाय पहिल्यापासून हाताशी होता, साधी काच, तरी तीच काच पुन्हा पुन्हा लावायची राहून जायची.

सुरुवात सिनेमाच्याही आधीची. कार्बन आर्क म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, मध्ये थोडी फट, त्या फटीत करंटची झगझगीत ज्योत. पॅरिसचे डॉक्टर शार्को, जे पुढे मेंदूविकारांवरच्या कामासाठी गाजले, त्यांनी 1858 मध्ये आर्कवर प्रयोग करणाऱ्या दोन रसायनशास्त्रज्ञांची केस नोंदवली, काम करताना भाजल्यासारखं वाटलं नाही पण नंतर कातडी लाल आणि डोळ्यांची आग. मग 1889 मध्ये स्वीडनच्या विडमार्कने दाखवून दिलं की हे उष्णतेचं काम नाही, यूव्हीचं म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांचं आहे. म्हणजे हॉलिवूड उभं राहायच्या आधीच हे सगळं छापून आलेलं होतं.

आपल्याकडे फाळक्यांच्या काळात शूटिंग उन्हातच चालायचं त्यामुळे ही भानगड नव्हती. अमेरिकेत मात्र स्टुडिओ बंदिस्त झाले आणि लाइट लागायला लागले. न्यूयॉर्कचे क्लीग्ल बंधू, मूळचे जर्मनीचे, नाटकांसाठी लाइटचा धंदा करायचे, त्यांचा आर्क लाइट 1911 च्या सुमारास सिनेमावाल्यांकडे गेला आणि चांगलाच चालला. कारण तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसायचाच नाही, निळा-जांभळा भरपूर दिसायचा, आणि आर्कमध्ये नेमका तोच भरपूर. पण बरेच आर्क उघडे वापरले जायचे, पुढे काच नाही, आणि नट-नट्या त्यांच्या अगदी जवळ उभे. मग सुरू झाले ते क्लीग आय, क्लीग्लच्याच नावावरून पडलेलं नाव, डोळे लालभडक, पाण्याच्या धारा, वाळू गेल्यासारखं खुपणं, उजेड नकोसा.

यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे उशीर. यूव्हीने बुबुळाचा वरचा थर भाजतो पण तेव्हा काहीच कळत नाही, त्रास साधारण 6 ते 12 तासांनी सुरू होतो, म्हणजे शिफ्ट संपवून घरी जाऊन झोपल्यावर मध्यरात्री. एक-दोन दिवसात बहुतेक वेळा बरंही होतं. त्यामुळे दोष लाइटचा की कांड्या जळताना उडणाऱ्या धुळीचा यावर वाद घालायला भरपूर जागा राहिली, आणि लोक आपले डोळ्यावर कच्चा बटाटा नाहीतर थंड चहापत्ती ठेवून दुसऱ्या दिवशी परत सेटवर. हॉलिवूडच्या स्टार लोकांची काळ्या चष्म्याची सवय तिथूनच आली असंही सांगतात.

मला खरी चीड आणणारी गोष्ट वेगळी आहे. डोळ्याला सगळ्यात जास्त झोंबणारी यूव्ही 270 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासची, आणि कॅमेऱ्याची लेन्स काचेची, तिच्यातून हा पट्टा पलीकडे जातच नाही. म्हणजे ज्या किरणांनी माणसांचे डोळे भाजत होते त्यांचा फिल्मला काडीचा उपयोग नव्हता! लाइटपुढे काच लावली असती तर साधारण 8 टक्के उजेड परावर्तनात गेला असता, बस.

पुढे त्रास कमी झाला तो मुख्यतः दुसऱ्याच कारणांनी. 1920 च्या दशकाच्या शेवटी सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, बोलपट आले, आर्कची गुणगुण माइकमध्ये यायला लागली आणि लालसर उजेडाचे टंगस्टन बल्ब आले. 1930 च्या दशकात टेक्निकलर या रंगीत सिनेमाच्या पद्धतीला प्रचंड उजेड लागायचा म्हणून आर्क परतले, पण यावेळी मोठे लाइट फ्रेनेल लेन्सवाले, पुढे जाड काच, त्यामुळे ती जुनी साथ तशी परत आली नाही.

मग एचएमआय. 1960 च्या दशकाच्या शेवटी ऑसरामने जर्मन टीव्हीसाठी हा दिवा काढला, कमी करंटमध्ये दिवसासारखा उजेड. आतमध्ये पारा, म्हणजे यूव्ही आलीच, आणि बल्ब इतका तापतो की साधी काच टिकत नाही म्हणून क्वार्ट्‌झ, जो यूव्ही आरपार सोडतो. म्हणजे बल्ब स्वतः काहीच अडवत नाही, सगळी भिस्त पुढच्या काचेवर. म्हणूनच तो स्विच. लेन्सला तडा गेला, तुकडा पडला, किंवा कोणी घाईत स्विचला चिकटपट्टी मारून बायपास केला की तुम्ही थेट 1915 च्या सेटवर. यूव्हीच्या डोसची आंतरराष्ट्रीय मर्यादा 270 नॅनोमीटरला 8 तासांत 30 जूल प्रति चौरस मीटर एवढीच आहे, उघड्या एचएमआयजवळ ती फार पटकन संपते. डोस दिवसभर साठत जातो आणि अंतर निम्मं केलं की साधारण चौपट होतो, त्यामुळे लाइटजवळ दिवस काढणाऱ्या लाइटमनला धोका नटापेक्षा जास्त.

एलईडीत यूव्ही जवळजवळ नसतेच, मग संपलं का? 2023 च्या नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला एनएफटीवाल्यांच्या, म्हणजे डिजिटल चित्रांची मालकी विकत घेणाऱ्यांच्या, पार्टीत लोक रात्रीतून डोळे धरून हॉस्पिटलात गेले, आयोजकांनी नंतर सांगितलं की एका कोपऱ्यातले यूव्ही लाइट कारण असावेत. त्याआधी 2017 मध्ये हाँगकाँगमध्येच एका पार्टीत चक्क जंतू मारायच्या यूव्ही ट्यूब शोभेला लावल्या होत्या. आणि खिडकीतून कडक ऊन पाडायचं असेल तर अजूनही 18 किलोवॅटचा एचएमआयच मागवला जातो, त्यामुळे भाड्याने आलेल्या युनिटची काच आणि दारातला स्विच पेटवायच्या आधी बघावाच लागतो.