धाडसापासून कसबापर्यंत : मोटार शर्यतीतील आत्मविश्वासाची पार्श्वभूमी

बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्त्या पाहायला बसणारा जाणकार प्रेक्षक ताकद आणि कसब या दोन गोष्टींची कधीच गल्लत करत नाही. पहाटे तालमीत काढलेल्या जोर-बैठकांनी अंगात ताकद येते. पण खडाखडी चालू असताना समोरच्या मल्लाचा भार कोणत्या पायावर आहे हे ओळखणे आणि त्याला एका डावाची हूल देऊन दुसरा डाव टाकणे, हे प्रत्यक्ष लढतीतूनच अंगी येते. मोटार शर्यतीतही मोकळ्या ट्रॅकवर वेगाने फेरी मारणे वेगळे आणि वीस गाड्यांच्या गर्दीत जागा मिळवणे व राखणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला रेसक्राफ्ट, म्हणजे शर्यतीचे कसब, म्हणतात. सीमाभागातील तरुणांमध्ये गाड्यांची आणि वेगाची ओढ मोठी आहे, परंतु शर्यतीविषयी बोलताना भर बहुधा धाडसावरच असतो. हा समज एकेकाळी साऱ्या जगाचा होता आणि तो बदलायला कित्येक दशके लागली.

१९५० च्या दशकात फॉर्म्युला वनच्या, म्हणजे मोटार शर्यतींतील सर्वोच्च स्पर्धेच्या, गाड्यांना सीट बेल्टही नव्हते आणि चालकाचे मोल त्याच्या छातीवरून ठरत असे. ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवर अर्जेंटिनाचे चालक हुआन मॅन्युएल फॅन्जिओ यांनी मिळवलेला विजय आजही धाडसाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. टायर बदलण्यासाठी थांबल्यावर बराच वेळ गेल्याने ते पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडले. त्यानंतर त्यांनी फेरीचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला आणि २२ फेऱ्यांच्या शर्यतीत २१व्या फेरीत पुढच्या दोन्ही फेरारी गाड्या गाठून पाचवे विश्वविजेतेपद निश्चित केले. मात्र कमी इंधन भरून हलक्या गाडीने सुरुवात करायची आणि मध्ये एकदा थांबायचे, हा बेत त्यांनी आधीच आखला होता. तसेच ज्या वळणांवर ते एरवी खालचा गिअर टाकत, तिथे त्यांनी एक गिअर वरचा ठेवला. ट्रॅक पूर्ण ओळखीचा असल्याशिवाय ४६ वर्षांच्या माणसाला ही जोखीम मोजूनमापून घेता आली नसती.

मनाची तयारी हा उघडपणे बोलण्याचा विषय झाला तो स्कॉटलंडचे चालक जॅकी स्टुअर्ट यांच्या काळात. शर्यतीच्या सकाळपासून मनातील सगळी खळबळ हळूहळू उतरवत न्यायची आणि सुरुवातीच्या क्षणी मन हवा काढलेल्या चेंडूसारखे सपाट करायचे, अशी आपली रीत त्यांनी सांगितली आहे. ९९ शर्यतींत २७ विजय मिळवणारा चालक आवेशाऐवजी शांतपणाची गोष्ट सांगतो, याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते.

आत्मविश्वास म्हणजे नेमके काय, हे ऑस्ट्रियाचे चालक निकी लाउडा यांच्या १९७६ च्या हंगामाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशातून दिसत नाही. १ ऑगस्टला न्यूरबुर्गरिंगवर त्यांची गाडी पेटली, चेहरा भाजला, फुप्फुसात विषारी धूर गेला आणि वाचण्याची आशाही राहिली नव्हती. १२ सप्टेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांनी, ते इटलीतील मोंझा येथे शर्यतीत उतरले आणि चौथे आले. या घटनेकडे केवळ हिंमत म्हणून पाहिले तर तिच्यातला महत्त्वाचा भाग निसटतो. पहिल्या दिवशी गाडीत बसल्यावर भीतीने आपण आखडून गेलो होतो, असे लाउडा यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. भीती नाकारण्याऐवजी त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सावकाश सुरुवात केली आणि हाताला गाडी पुन्हा ओळखीची वाटू लागली तसतसा वेग वाढवला. त्याच हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत, जपानमधील फुजी येथे मुसळधार पावसात, गाडी चालवणे धोक्याचे आहे असे ठरवून ते स्वतःहून थांबले आणि प्रतिस्पर्धी जेम्स हंट यांच्यापेक्षा एका गुणाने मागे राहून विजेतेपद गमावून बसले. तो निर्णयही मी आत्मविश्वासातच धरतो.

लाउडा यांनी अनुभवाने जे केले, त्याची मांडणी मानसशास्त्रात होत होती. उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपकारक असते आणि त्यापुढे कामगिरी बिघडवते, हे सूत्र येर्क्स व डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगांतून पुढे आले. १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या इतरांचे पाहिलेले यश, इतरांनी दिलेले प्रोत्साहन आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत स्वतःच्या यशाचा अनुभव सर्वांत प्रभावी ठरतो. तालमीतला वस्ताद नव्या पोराला आधी त्याच्या जोडीचाच मल्ल देतो, त्यामागेही हेच आहे.

कसबाचा इतिहास थोडा वेगळ्या वाटेने गेला. १९७१ मध्ये मोंझा येथे पहिल्या पाच गाड्यांमध्ये शेवटी केवळ ०.६१ सेकंदाचे अंतर होते आणि पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकले. पुढच्या गाडीच्या आडोशाने हवेचा रोध कमी होत असल्यामुळे तिथे आघाडीवर असणे सोयीचे नव्हते. शेवटच्या वळणाला आपण कितव्या जागी असावे, याचा हिशेब आधीच्या फेऱ्यांत करावा लागे. १९६८ पासून गाड्यांना पंख बसू लागले होते आणि गाडी जमिनीवर दाबून धरणाऱ्या हवेवरचे अवलंबित्व पुढे वाढत गेले, तसे वळणात दुसऱ्या गाडीच्या मागे राहणे अवघड झाले. तेव्हा वळणात शिरताना थोडा वेग सोडून बाहेर पडताना तो मिळवणे, प्रतिस्पर्ध्याला आतली बाजू राखायला भाग पाडणे, टायर शेवटच्या फेऱ्यांसाठी वाचवणे, अशा संयमाच्या गोष्टींना किंमत आली. १९८८ मध्ये मोनॅको येथे आयर्टन सेना यांनी पात्रता फेरीत आपल्याच संघातील सहकारी अ‍ॅलेन प्रॉस्ट यांना १.४ सेकंदांनी मागे टाकले. शर्यतीतही ते मोठ्या आघाडीवर होते, पण ६७व्या फेरीत एकाग्रता ढळून गाडी कठड्यावर गेली आणि प्रॉस्ट जिंकले.

भारतात शर्यती मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर रुजल्या. नंतर इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला आणि कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे उभा राहिला. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले, पण त्याआधी ब्रिटन आणि आशियातील लहान गटांच्या शर्यतींत त्यांची अनेक वर्षे गेली होती.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागाची अडचण इथेच आहे. बेळगावचे कारखाने वाहनांचे सुटे भाग घडवतात, त्यामुळे यंत्राची जाण घराघरांत आहे. परंतु मोठे ट्रॅक सुमारे आठशे किलोमीटरवर आहेत. चोर्ला किंवा आंबोली घाटात वेग घेणारी मुले स्वतःचा आणि समोरून येणाऱ्यांचा जीव धोक्यात घालतातच, शिवाय त्यातून कसबही येत नाही, कारण तिथे तेच वळण त्याच स्पर्धकाबरोबर पुन्हा पुन्हा घेता येत नाही आणि चूक मोजताही येत नाही. सिम्युलेटरवर ब्रेक कुठे दाबायचा हे नीट बसवता येते, पण शेजारच्या गाडीचा धक्का आणि त्याची भीती तिथे नसते. जवळची सोय आहे ती कोल्हापूरच्या कार्टिंग (लहान, उघड्या गाड्यांच्या शर्यती) ट्रॅकची, निपाणीहून साधारण ४० किलोमीटरवर, जिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या आहेत. कार्ट स्पर्धेत हीट (प्राथमिक लढत), प्री-फायनल आणि फायनल अशा लढती असल्याने दोन दिवसांत अनेकदा सुरुवात करायला मिळते, पहिल्या वळणाची खडाखडी तितक्याच वेळा अनुभवायला मिळते, आणि सकाळच्या हीटमध्ये आतून कुणी जागा घेतली असेल तर दुपारी त्याच मुलासमोर, त्याच वळणावर, ती राखून पाहता येते.