हंगामी बेरोजगारी, मराठवाड्यातील

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत किती लोक बेकार आहेत, एवढ्यावरून इथली बेरोजगारी कळत नाही. माणूस कामावर कधी लागतो, कधी सुटतो आणि कोणत्या अटीवर पुन्हा लागतो, हे पाहावे लागते.

शेती बहुतांशी पावसावरची. पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी एवढ्यापुरते मजुराच्या हाताला काम असते. तणनाशक आल्यापासून खुरपणीचे दिवस घटले. खुरपे बायांच्या हाती असल्याने पहिली मजुरी त्यांचीच बुडाली.

दिवाळीच्या सुमारास बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागांतून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. हे काम ठरते मात्र पावसाळ्यात. पेरणी, शाळा, दवाखाना, लग्नाची देणी असे सगळे खर्च अंगावर आलेले असतात, तेव्हा मुकादम, म्हणजे तोडीसाठी मजूर जमवणारा ठेकेदार, उचल म्हणून आगाऊ रक्कम देतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मजुरी टनावर, आणि उचल त्यातूनच फेडायची. दुष्काळात ऊस कमी असला की कारखान्याचा पट्टा लवकर पडतो, म्हणजे हंगाम आटोपतो, उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे बेकारीतून सुटका होते ती कर्ज काढून, आणि त्या कर्जापायी पुढच्या वर्षीही कोयता सुटत नाही. मराठवाड्याच्या रोजगाराचे सर्वांत मोठे दुखणे हेच आहे.

गावातच काम देण्याचा मोठा प्रयत्न १९७२ च्या दुष्काळात झाला. खडी फोडणे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती यांवर लोक जगले. त्यातूनच आकाराला आलेला रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. पण मजुरी हाती पडायला उशीर होतो, आणि मुकादमाची उचल रोख असते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत ठेकेदारामार्फत लागलेल्या तरुणांना काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे कामात खंड पाडला जातो. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर कायद्याचे संरक्षण लागू होते. ते टाळायला ब्रेक सोयीचा पडतो. शिकलेल्यांची तऱ्हा वेगळी. पोलीस भरती आणि लोकसेवा आयोगाच्या तयारीत वर्षे जातात, वय उलटले की मिळेल ते काम पत्करावे लागते.

सरकारी पाहणीत बेरोजगार ठरतो तो काम शोधत थांबलेला माणूस, आणि असे थांबणे मजुराला परवडत नाही. पाहणीच्या आधीच्या सात दिवसांत एक तास काम केलेलाही चालू साप्ताहिक निकषावर रोजगारात धरला जातो. वार्षिक निकषात दुय्यम काम म्हणून ३० दिवस पुरतात. त्यामुळे ऊसतोडीहून परतून जूनपर्यंत कामाविना बसलेली बाई वर्षाच्या हिशेबात बेरोजगार नसते.