न जळणारं कापड आणि नागपुरी कुलर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाची हजहून परतल्या, तेव्हा भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला खजूर, घोटभर झमझम (मक्केच्या विहिरीचं पवित्र पाणी) आणि मिनाच्या तंबूची गोष्ट असं तिन्ही मिळायचं. वुजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला म्हणून त्या तंबूतून बाहेर पडल्या आणि येताना वाट चुकल्या. "जिकडे बघावं तिकडे तोच पांढरा तंबू. आपला कोणता, कसं कळणार?" मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर वाचून एका स्वयंसेवकाने त्यांना जागेवर पोचवलं. माझ्या लक्षात मात्र त्यांचं दुसरंच वाक्य राहिलं. "आत पाण्याचा कुलर होता रे. एकदम नागपुरात असल्यासारखं वाटलं."

मिना म्हणजे मक्केच्या पूर्वेला, काबा जिथे आहे त्या मस्जिद अल-हरामपासून काही किलोमीटरवर असलेली डोंगरांमधली दरी. वर्षभर जवळजवळ ओस. जिलहिज या इस्लामी चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या ८ तारखेला यात्रेकरू इथे येतात, ९ तारखेला अराफातला जातात, ती रात्र मुझदलिफाला उघड्या आभाळाखाली काढतात आणि १० तारखेला पुन्हा मिनात येऊन आणखी दोन-तीन दिवस राहतात. एवढ्याशा मुक्कामासाठी इथे एक लाखाच्या वर तंबू कायमचे उभे आहेत. एकेक तंबू ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद.

पूर्वी हे तंबू सुती असायचे आणि दरवर्षी नव्याने ठोकले जायचे. १५ एप्रिल १९९७ रोजी, म्हणजे यात्रेकरू मिनात पोचण्याच्याच दिवशी, स्वयंपाकाच्या गॅसमुळे आग लागली. वारा ताशी साठेक किलोमीटरचा. सुमारे ७०,००० तंबू जळाले, ३४३ माणसं गेली. मृतांत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातले बरेच होते. त्याआधी १९७५ मध्येही सिलिंडर फुटून अशीच आग लागली होती. १९९७ नंतर मात्र सौदी सरकारने तंबूंमध्ये गॅस पेटवायला बंदी केली आणि कापडच बदललं.

नवं कापड काचेचं आहे. काच वितळवून केसाहून बारीक धागे ओढायचे, ते विणायचे आणि वर टेफ्लॉनचा लेप द्यायचा. तुमच्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. एखादी वस्तू किती सहज जळते हे मोजायची एक सोपी पद्धत आहे: ती जळत राहायला हवेत कमीत कमी किती ऑक्सिजन लागतो? सुती कापडाला १८ टक्क्यांच्या आसपास पुरतो. आपल्या हवेत २१ टक्के असतो, त्यामुळे एकदा ठिणगी पडली की सुती तंबू थांबत नाही. टेफ्लॉनला तब्बल ९५ टक्के लागतो. त्यातल्या कार्बन आणि फ्लोरिन यांची पकड इतकी घट्ट असते की ती सोडवून ऑक्सिजनला आत शिरायला वावच मिळत नाही. म्हणून आग या तंबूवरून त्या तंबूवर उड्या मारत जात नाही. अर्थात आतल्या गाद्या, चादरी, बॅगा जळू शकतात, आणि फार तापलं तर टेफ्लॉनही विघटन पावून विषारी वायू सोडतं. म्हणूनच तंबूत उष्णतेने सुरू होणारे पाण्याचे फवारे आहेत. पांढरा रंग बरंचसं ऊन परतवतो, तो वेगळा फायदा.

पण परतवलं तरी बाहेर ४२ अंश असतील तर आत काय होणार? इथे चाचींचा कुलर येतो.

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून नेतं. हवा कोरडी असेल तर ती हे पाणी आनंदाने पिते आणि स्वतः गार होते. या गार होण्याला एक तळ असतो, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो, तो. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा तळ २४ अंशांच्या आसपास येतो. बऱ्यापैकी कुलर त्यातलं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे जाळीतून २७-२८ अंशांची हवा बाहेर पडते. उलट मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तळच २९ वर असतो. मुंबईकरांना आमच्या कुलरचं कौतुक का कळत नाही, ते यातच आलं.

आता तंबूत माणसं घाला. समजा एका तंबूत ४० जण आहेत. निवांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. चाळिसांचे झाले ४,००० वॉट, म्हणजे ६४ चौरस मीटरच्या खोलीत दोन गीझर सतत चालू. नुसती ही अंगाची उष्णता बाष्पीभवनाने काढायची तर तासाला सहा लिटर पाणी उडवावं लागेल. एक लाख तंबूंचं धरलं तर तासाला सहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे साठ टँकर. हे माझं कागदावरचं, तेही कमीत कमीचं गणित. बाहेरून शिरणारी उष्णता यात धरलेलीच नाही. वाळवंटात हे पाणी आणायचं कुठून? मक्केला तांबड्या समुद्राकाठच्या शुऐबाहून खारं पाणी गोडं करून पुरवलं जातं.

कुलरमध्ये एक मेख आहे. नागपुरात लहान पोरालाही ठाऊक असतं की कुलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची. नाही ठेवली तर तासाभरात खोली दमट होते, वाळ्याचा वास कोंदतो आणि अंग चिकचिकतं. कारण आपलं शरीरही कुलरच आहे. घाम वाळला तरच गार वाटतं, आणि घामालाही तोच वेट बल्बचा तळ लागू. हवा दमट झाली की भिंतीवरचा आणि कातडीवरचा असे दोन्ही कुलर एकाच वेळी हात टेकतात. हल्ली काही छावण्यांत एसी बसवलेत, त्यामागे हेही कारण असावं. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, कुलर घालतो.

१७ जून २०२४ ला मस्जिद अल-हरामजवळ ५१.८ अंशांची नोंद झाली. त्या हजमध्ये १,३०१ जण दगावल्याचं सौदी सरकारने सांगितलं, आणि त्यातले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, कुलर नाही. उन्हात मैलोन्‌मैल पायपीट. कापड आणि पाणी काय करतात हे मला इतर कुठल्याही आकड्यापेक्षा या ८३ ने जास्त कळलं.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. आता तो वसंताकडे आणि मग हिवाळ्याकडे निघालाय. शतकाच्या मध्याला तो पुन्हा उन्हाळ्याच्या महिन्यांत येईल. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी नेमका २०४७ ते २०५२ हा काळ धोक्याचा म्हणून दाखवला, आणि त्यांची मोजपट्टी साधं तापमान नव्हे, वेट बल्बचीच होती.

चाचींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण रात्री कुलर बंद करायचा की नाही यावरून आमच्या तंबूत रोज भांडण. निम्म्या बायकांना थंडी वाजायची, निम्म्यांना उकडायचं." त्यांची गादी कुलरच्या अगदी समोर होती. त्या शाल पांघरून झोपायच्या.