ट्रंकेतली चांदी

दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत आणि पुढे इटलीत लढलेल्या मराठा पलटणींतले बरेच जवान सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे होते. त्यांच्या मागे घरात उरलेला ऐवज साधारण सारखाच असतो: गणवेशातली काही छायाचित्रे, घरी धाडलेली पत्रे, फितीसकट पदके आणि हे सारे ठेवलेली पत्र्याची ट्रंक. वडिलांच्या पश्चात ती मुलांकडे येते आणि जपण्याच्या हौसेपोटी तिच्यातल्या वस्तूंवर जे प्रयोग होतात, त्यांनीच पुष्कळदा अधिक हानी होते.

त्या काळचे कृष्णधवल छायाचित्र म्हणजे कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि सर्वांत वर जिलेटिनमध्ये अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. चित्रातला काळा रंग या चांदीचा असतो. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले प्रथिन असल्याने हवेतले पाणी शोषून पावसाळ्यात पापडासारखे सादळते. मग फ्रेमच्या काचेला चिकटते, आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की त्यावर बुरशी धरते. कोकणात ही स्थिती महिनोन्‌महिने असते. शिवाय कसरीलाही जिलेटिन आवडते.

जुन्या छायाचित्राच्या गडद भागांत, विशेषतः कडेला, निळसर धातूची झळाळी दिसते. ताज्या रंगातून, प्लायवूडमधून किंवा निकृष्ट पुठ्ठ्यातून निघणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये चांदीच्या कणांवर क्रिया करतात, त्यातून सुटलेले चांदीचे आयन दमट जिलेटिनमधून पृष्ठभागाकडे सरकतात आणि तेथे त्यांची पुन्हा चांदी बनून पातळ आरसा तयार होतो. ती झळाळी पुसण्याचा मोह टाळावा, कारण पुसली जाते ती चित्राचीच चांदी. पिवळट डाग मात्र बहुधा वेगळ्या कारणाचे असतात: प्रत घाईने धुतली गेली असेल, तर कागदात उरलेला हायपो (चित्र पक्के करण्यासाठी वापरलेले रसायन) पुढे कित्येक वर्षे चांदीचे सल्फाइड बनवत राहतो.

लॅमिनेशन हा यातला सर्वांत वाईट उपाय, कारण उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक चित्राला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते. चिकट पानांचे अल्बमही टाळावेत. पीव्हीसीच्या पाकिटांतून हळूहळू हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. त्याऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे अथवा आम्लरहित कागद वापरावा. वडिलांची ट्रंक मात्र टाकून देण्याचे कारण नाही. लाकडी कपाटातून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा निघतात, तशा रंगाचा थर नीट वाळलेल्या पत्र्यातून निघत नाहीत. ती गंजलेली नसावी, जमिनीपासून उंचावर आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर असावी, इतके पुरे. आत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवल्यास ते वेळोवेळी तापवून कोरडे करावे लागते, हे बहुतेक जण विसरतात.

आफ्रिका स्टार, इटली स्टार ही पदके तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची असतात. भारतीय सैनिकांना मिळालेल्या ताऱ्यांच्या मागे क्रमांक व नाव ठोकलेले आढळते आणि पितळ चकचकीत करणाऱ्या पॉलिशने प्रत्येक खेपेला तीच अक्षरे झिजतात. फितींचे रंग उन्हाने उडतात, म्हणून दिवाणखान्यात मांडायचीच असतील तर खिडकीसमोर नकोत.

निगेटिव्ह असतील तर त्यांचा वास घ्यावा. व्हिनेगरसारखा वास आला, तर फिल्म ज्याची बनलेली असते त्या सेल्युलोज ॲसिटेटचे विघटन सुरू झाले आहे असे समजून त्या इतर वस्तूंपासून तत्काळ वेगळ्या कराव्यात. सुटणारे आम्ल शेजारच्या फिल्मचाही नाश वेगाने घडवते.

स्कॅन करताना किमान ६०० डीपीआय ठेवावे आणि मागची बाजूही घ्यावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कधी वडिलांच्याच हातची मोडीतली ओळ तिथे सापडते. चित्रात कोण कोण उभे आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि दमट हवेत त्याची शाई पसरते.