जुन्या गाडीत कूलंट वारंवार कमी होत असेल तर

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, पेट्रोलसारखे खर्च होत नाही. वर्षभरात टाकीतली पातळी थोडी खाली आली तर हरकत नाही, पण दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडते आहे, नाहीतर इंजिनच्या आत जळते आहे. वरून नळाचे पाणी घालत राहिल्याने कूलंटमधली गंजरोधक रसायने पातळ होतात, आत गंज आणि क्षार साचतात, आणि पहिली गळती सापडायच्या आत दुसरीची तयारी होते. म्हणून पाणी घालण्याआधी जागा शोधा.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा दाबाच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नका. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमधला दाब. १.१ बारला निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असलेले मिश्रण १२५ अंश सेल्सिअसच्या पुढेही उकळत नाही. झाकण सैल केले की दाब एकदम जातो आणि तेच मिश्रण उसळून तोंडावर, हातावर येते. रेडिएटरचा वरचा होज पाईप (रबरी नळी) हाताला थंड आणि दाबून मऊ लागेपर्यंत थांबा.

घरी काय पाहता येईल

रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर चाकांच्या जागा खुणा करून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडले ते दिसेल. पाणी स्वच्छ, बिनवासाचे असेल आणि बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागत नसेल तर ते बहुधा एसीचे आहे, काळजी नको. कूलंट रंगीत आणि बुळबुळीत असते, त्याला गोडसर वास येतो, आणि वाळल्यावर पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा उरतो. हा पापुद्रा फार उपयोगाचा. गळती अगदी बारीक असली की गरम इंजिनवर थेंब वाळून जातो, जमीन कोरडीच राहते, पण डाग मागे उरतो.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल असे नाही. कूलंट पाईपच्या कडेने वाहत जाते, पंख्याचा वारा ते मागे उडवतो. ओल्या भागातली सर्वांत वरची आणि पुढची जागा शोधा.

सांडलेले कूलंट लगेच पुसून जागा भरपूर पाण्याने धुवा. त्यातले इथिलिन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात. मांजराला थोडेसेही जिवावर बेतू शकते.

आम्ही तपासणी कशी करतो

थंड इंजिनवर पातळी पूर्ण करून झाकणाच्या जागी हातपंप बसवतो आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब देतो. त्याहून जास्त दिला तर चांगला जुना रेडिएटरही फुटू शकतो. पंधरा मिनिटांत पंपावरचा दाबाचा काटा खाली आला तर गळती आहे. मग इंजिन गरम करून तीच तपासणी पुन्हा करतो, कारण पाईप आवळून धरणारे काही क्लॅम्प फक्त थंडीत, रबर आकसल्यावर गळतात, तर काही भेगा फक्त गरम झाल्यावर उघडतात. झाकणही वेगळे तपासतो. त्याची स्प्रिंग किंवा रबर थकले असेल तर कूलंट कमी दाबालाच रिझर्व्ह बाटलीत जाते, तिथून उतू जाते, आणि दोष उगाच रेडिएटरवर येतो. एवढ्यानेही जागा सापडली नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून गाडी काही दिवस चालवायला देतो आणि नंतर अतिनील दिव्याखाली पाहतो.

नेहमीच्या जागा

होज पाईप दाबून पाहा. कडक होऊन कुरकुरत असेल, टोकाशी फुगला असेल किंवा तेलाने पिचपिचीत झाला असेल तर तो बदलायचाच. जुना पाईप पेचकसाने उचकटून काढू नये. रेडिएटरचे प्लास्टिकचे तोंड त्यानेच तुटते. पाईपला लांबीत चीर देऊन तो सोलून काढावा, तोंडावरचा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरने साफ करावा आणि क्लॅम्प तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसवावा. मूळ क्लॅम्प स्प्रिंगचा असेल तर नवाही तसाच घ्यावा. पाईप गरम-थंड होताना तो पकड धरून ठेवतो.

रेडिएटरचा जाळीचा भाग ॲल्युमिनिअमचा आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतील तर दोन्हींच्या जोडावरचे रबर वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने कडक होते. टाकीला भेग असेल तर एम-सील लावून गाडी घरापर्यंत येईल, वर्षभर चालणार नाही. प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, भेग लेपाच्या कडेने पुढे सरकते. तिथे रेडिएटर बदलणे हाच आमचा सल्ला.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असते. आतले सील गेले की कूलंट तिथून येते. ते भोक बुजवू नका, नाहीतर कूलंट बेअरिंगमध्ये शिरेल. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर त्याच वेळी बदलावेत, कारण उघडझाक तीच असते.

पुढच्या सीटखालची चटई ओली, काचेवर आतून तेलकट धुके आणि केबिनमध्ये गोड वास असेल तर हीटरची कॉइल गळते आहे.

बाहेर कुठेच ओल नसेल तर

शंका हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलवर येते. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, होज पाईप थंड इंजिन सुरू करताच कडक होतो. तेलाच्या झाकणाखालची पांढरी साय मात्र एकटी पुरावा नाही. रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत ती साध्या ओलाव्यानेही जमते. आम्ही टाकीतली हवा निळ्या रसायनातून जाऊ देतो. इंजिनचा जळका वायू आला असेल तर रसायन पिवळे होते. तसे झाले तरच हेड उतरवतो, आणि उतरवल्यावर ते सपाट आहे का हे पट्टीने मोजल्याशिवाय नवे गॅस्केट बसवत नाही.

एक जागा बंद केली की दुसरी का गळते

गळक्या सिस्टीममध्ये दाब पूर्ण चढत नाही. दुरुस्तीनंतर तो पुन्हा चढतो आणि त्याच वयाचा दुसरा पाईप उघडा पडतो. हा आधीच्या कामातला दोष नसतो. म्हणून एक होज फुटला तर आम्ही वरचा, खालचा आणि हीटरचे असे सगळे होज व झाकण एकदम बदलायला सुचवतो. गळती थांबवणारी पावडर घालू नका. ती भेगेबरोबर हीटर कॉइलच्या बारीक नळ्याही बुजवते.

भरताना

क्षार नसलेले डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. बाटलीवर तयार मिश्रण लिहिले असेल तर त्यात पाणी घालू नका. रंगावरून प्रकार ठरवू नका, गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार पाहा. वेगवेगळे प्रकार मिसळले तर काही वेळा गाळ बनतो. सिस्टीम ६ लिटरची असेल, आत साधे पाणीच असेल आणि निचरा फक्त ४ लिटरचा झाला असेल तर इंजिनमध्ये २ लिटर पाणी उरलेले असते. अशा वेळी ३ लिटर पाणी न मिसळलेले कूलंट आणि १ लिटर पाणी घातले की प्रमाण बरोबर येते.

मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून सावकाश भरावे. स्क्रूतून सलग धार आली की तो घट्ट करावा. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत अजून हवा अडकली आहे.

रस्त्यात तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सुरक्षित जागा दिसताच इंजिन बंद. गरम इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणि वर गेलेला काटा अचानक खाली आला तर इंजिन थंड झाले असे समजू नका. कूलंट इतके कमी झाले असू शकते की सेन्सर कोरडा पडला आहे.

दुरुस्तीनंतर पहिला आठवडा रोज सकाळी, सेल्फ मारण्याआधी, पातळी पाहा. पहिल्या एक-दोन दिवसांत उरलेली हवा निघून ती थोडी उतरली तर एकदा भर घाला. त्यानंतरही उतरत राहिली तर गाडी आमच्याकडे घेऊन या आणि कूलंट उभ्या गाडीत कमी होते की चालवल्यावर, हे पाहून सांगा.