युद्धाची पहिली बातमी असलेले जुने अंक : घेण्याआधी आणि विकण्याआधी हे वाचा

"युद्धावरचं जुनं काही आहे का?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या तारखेचं? घटना घडली कधी, बातमी इथवर आली कधी आणि वर्तमानपत्राचा अंक छापून निघाला कधी, हे तिन्ही जुळलं तरच तो पहिल्या बातमीचा अंक. नाहीतर तो नुसता जुना अंक, आणि दरही त्याच मानानं.

1914चंच घ्या. ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ते 4 ऑगस्टला, लंडनच्या रात्री अकराला. आपल्याकडे तेव्हा 5 तारखेची पहाट, साडेचार वाजलेले. 4 ऑगस्टला मंगळवार होता, म्हणजे टिळकांचं साप्ताहिक केसरी निघायचं तो वार. त्या दिवशीच्या केसरीत ही बातमी येणार कुठून? तरी लोक हौसेनं नेमका तोच अंक मागतात. जरूर घ्या, टिळक मंडालेहून सुटून आले ते त्याच जूनमध्ये, त्यामुळे त्या उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या केसरीला एरवीही मागणी आहे. पण 'युद्ध पुकारल्याचा अंक' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. तसंच आपल्या बेळगावच्या तरुण भारतचं. तो सुरूच झाला 1919 साली. त्यात पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची, म्हणजे नोव्हेंबर 1918ची ताजी बातमी दाखवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच असल्यामुळे आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी पलटणीच्या बातम्यांची. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून माणसं पणजोबांचं नाव शोधत येतात. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला आणि 29 एप्रिल 1916ला शरणागती झाली. त्या काळच्या अंकात साध्या शिपायाचं नाव सापडेल अशी आशा आम्ही कुणाला दाखवत नाही. सेन्सॉरची कात्री असायची, आणि नावं छापायची ती बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांची. नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची बातमी हवी असेल तर जुलै 1944 चाळत बसू नका. इटलीत ते कामी आले 10 जुलैला, पण पदक जाहीर झालं नोव्हेंबरात. शोध तिथून सुरू करा.

आता आमचं मत, पटलं तर घ्या. लोक विजयाचा अंक जपतात आणि भीतीचा रद्दीत घालतात. ढाक्याची शरणागती 16 डिसेंबर 1971ला दुपारी झाली. 17 तारखेचे अंक घरोघरी घडी घालून ठेवलेले निघतात, म्हणून त्यांना फार दर नाही. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. त्याची बातमी असलेला 4 तारखेचा अंक मात्र आठवडाभर शोधावा लागतो. पुढं काय होणार हे छापणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि गंमत आहे ती त्यातच. गोव्याचंही तसंच. पोर्तुगीज गव्हर्नरनं 19 डिसेंबर 1961च्या संध्याकाळी शरणागती पत्करली, तेव्हा 20 तारखेचे अंक सगळ्यांनाच हवेत. आम्ही स्वतः मात्र त्याआधीच्या पंधरवड्याचे अंक बाजूला काढतो. फौज तेव्हा बेळगावातच गोळा होत होती.

इंग्रजी अंकांत नकलांचा धोका जास्त. नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईच्या बातमीचा 22 जून 1815चा लंडनचा टाइम्स पुढं हौसेसाठी पुन्हा पुन्हा छापला गेला. त्या काळचा कागद चिंध्यांचा, दोनशे वर्षांनीही मऊ राहतो. लाकडाच्या लगद्याचा कागद त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणजे 1815चा म्हणून दिलेला अंक पापडासारखा मोडायला लागला तर समजून जा. इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या सचित्र साप्ताहिकाचे बांधीव खंड येतात, त्यांत बांधणाऱ्यानं जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. घेताना पानं मोजा. खंड फोडून चित्रं सुटी विकायचा धंदा आम्ही करत नाही. कुणी त्यासाठी मागितला तर विकतही नाही.

जपण्याबद्दल. काही वर्षांपूर्वी एक आजी लोखंडी ट्रंक घेऊन आल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेलं वर्तमानपत्र होतं आणि कसरीनं त्याची चाळणी केलेली, कारण खळ म्हणजे कसरीचं जेवणच. मथळा तेवढा शाबूत होता. आम्ही घाईनं तो सोडवला आणि चांगला राहावा म्हणून लॅमिनेट करून दिला. चूक आमचीच. दोन पावसाळ्यांत आत बुडबुडे धरले, आणि आता प्लॅस्टिक काढायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येते. तेव्हा लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. अंक आडवा ठेवा, नव्या घड्या पाडू नका. धुतलेल्या सुती कापडाच्या बासनात वेखंडाची पुरचुंडी घालून बांधा. वेखंड कागदाला लागू देऊ नका. बेळगावच्या पावसात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं हवं आणि खालचा कप्पा मोकळा. दिवाळीच्या सुमारास ऊन तापलं की बासन सोडून सावलीत वारा द्या, उन्हात नको.

विकायचं असेल तर जसं आहे तसं आणा, झटकूपुसू नका. फोनवर दर सांगत नाही, अंक हातात घेऊनच सांगतो. आमच्याकडून घेतलेला अंक नक्कल निघाला तर पावती दाखवा, पैसे परत. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवून द्या असं सांगू नका : 1972च्या पुरावस्तू कायद्यात 75 वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे दस्तऐवज येऊ शकतात आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

सोमवारी दुकान बंद. ट्रंक मोठी असेल तर आधी कळवा, आम्ही घरी येऊन पाहू.